शंभर डॉलरमागे सत्त्याहत्तर सेंट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचं शहर आहे. तिथे तुम्ही शंभर डॉलरची खरेदी केलीत, की तिच्यावरच्या विक्रीकरातले ७७ सेंट एका राखीव निधीत जातात. खरेदी बुटांची असो, पुस्तकांची असो, नाही तर आठवड्याच्या किराण्याची. या निधीतून रस्त्यावर डांबर पडत नाही की पोलिसांचे पगार होत नाहीत. शहराभोवतीची मोकळी जमीन घ्यायची आणि सांभाळायची, एवढ्याच कामासाठी तो आहे. १९६७ साली बोल्डरच्या नागरिकांनी मतदान करून हा कर स्वतःवर बसवून घेतला. खास मोकळ्या जमिनीसाठी असा कर मतदानानं स्वीकारणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर मानलं जातं.

रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, डेन्व्हरच्या वायव्येला वसलेल्या या शहराची वस्ती लाखभर. आज शहरानं विकत घेतलेली किंवा करारानं राखलेली जमीन ४६ हजार एकरांच्या घरात आहे, म्हणजे सुमारे १८५ चौरस किलोमीटर. खुद्द शहराचं क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस किलोमीटर. त्या राखलेल्या जमिनीत डोंगरउतारावरची पाइनची जंगलं आहेत, गवताळ माळ आहेत, ओढ्याकाठची कुरणं आणि कसली जाणारी शेतंही आहेत. हे सगळं शहराचं मोकळ्या जमिनीचं खास खातं सांभाळतं; हिरवळ, बाकं आणि झोपाळे असलेल्या बागांचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे.

इतकी जमीन मिळवली कशी, हे बोल्डरकर मोठ्या अभिमानानं सांगतात, आणि ते सांगण्यासारखं आहेच. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं: जमीन हातात आल्यावर पैसा कुठे जातो. खरेदीखतावर सही एकदाच होते. गवत, पाणी, वणवा, तण आणि माणसांची पावलं यांचा खर्च मात्र दरवर्षी उभा राहतो.

सुरुवात जुनी आहे. १८९८ मध्ये टेक्सासच्या शिक्षकांना उन्हाळी शिबिरासाठी थंड हवेची जागा हवी होती. बोल्डरच्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, डोंगराच्या पायथ्याशी जागा घेतली आणि तिथे चौटाक्वा नावाचं केंद्र उभं राहिलं. ते आजही चालू आहे. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी करणाऱ्या ओल्मस्टेड यांचे चिरंजीव, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ज्युनियर, यांच्याकडून शहरातल्या नागरिकांच्या संस्थेनं एक अहवाल करून घेतला. १९१० च्या या अहवालात त्यांनी बजावलं होतं, की बोल्डर क्रीक या ओढ्याचं पूरक्षेत्र बांधकामाला देऊ नका, मोकळं ठेवा. तो सल्ला शहरानं अर्धामुर्धाच ऐकला. तो पूर्ण न ऐकण्याचे परिणाम पुढे दिसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्यानं बदललं. डेन्व्हरहून थेट महामार्ग आला, केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा आल्या, विद्यापीठ वाढलं. १९५० मध्ये वीस हजारांची असलेली वस्ती १९७० पर्यंत साठ हजारांच्या पुढे गेली. घरं डोंगरावर चढायला लागली. तेव्हा विद्यापीठातले दोन प्राध्यापक, भौतिकशास्त्राचे अल बार्टलेट आणि गणिताचे रॉबर्ट मॅकेल्वी, पुढे सरसावले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगराच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून ५,७५० फुटांवर, एक काल्पनिक रेषा ओढली. या रेषेच्या वर शहर नळाचं पाणी देणार नाही, अशी दुरुस्ती शहराच्या सनदेत व्हावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. सनद म्हणजे शहराची जणू राज्यघटनाच. १९५९ च्या मतदानात तो मोठ्या फरकानं मंजूर झाला. ही ‘ब्लू लाइन’, निळी रेषा. पाणी नाही तर वस्ती नाही, हे दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एक डॉलर खर्च न करता डोंगर वाचवण्याची ती युक्ती होती.

पण या युक्तीला मर्यादा होती. पाणी अडलं तरी जमिनीची मालकी खासगीच राहिली, आणि ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे तो दुसरी वाट शोधतो. लवकरच चौटाक्वाशेजारच्या ‘एन्चांटेड मेसा’ नावाच्या पठारावर आलिशान हॉटेल बांधायचा बेत पुढे आला. नागरिकांनी पुन्हा मोहीम काढली. १९६२ मध्ये १ लाख ५ हजार डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी मंजुरी दिली आणि सुमारे दीडशे एकरांचं ते पठार शहरानं विकत घेतलं.

या मोहिमेतून लोकांना एक गोष्ट कळली. प्रत्येक टेकडी धोक्यात आली की सभा घ्या, सह्या गोळा करा, मतदान घ्या, कर्ज काढा, हे किती वेळा करणार? बिल्डर रोज काम करतो. नागरिक रविवारी सवड काढतो. ही शर्यत बरोबरीत आणायची तर पैशाचा झरा कायमचा हवा. म्हणून १९६७ मध्ये एक टक्का विक्रीकराचा प्रस्ताव आला. त्यातला ०.६० टक्का रस्ते-वाहतुकीला आणि ०.४० टक्का मोकळ्या जमिनीला, अशी वाटणी होती. तो मंजूर झाला आणि त्यातला मोकळ्या जमिनीचा हिस्सा आजपर्यंत चालू आहे, कारण त्याला मुदत नाही.

पुढे त्यात भर पडली ती मात्र मुदतीची. १९८९ मध्ये ०.३३ टक्का आणि २००३ मध्ये ०.१५ टक्का. एकूण ०.८८ टक्का झाला. मग ०.३३ चा हिस्सा मुदत संपल्यावर २०१९ पासून ०.२२ वर आणण्याचं मतदारांनीच ठरवलं, म्हणून आजचा आकडा ०.७७. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. पाया कायमचा आहे, त्यामुळे खातं बंद पडण्याची भीती नाही. वरचा भाग मुदतीचा आहे, त्यामुळे दर पंधरा-वीस वर्षांनी लोकांपुढे जाऊन हिशेब द्यावाच लागतो. दोन मतदानांच्या मधल्या काळात खात्यानं काय केलं, हे लोक पाहतात आणि हात आखडता घ्यायचा की नाही ते ठरवतात.

आता जमीन प्रत्यक्षात घेतली कशी जाते ते पाहू. डोंगराला लागून असलेलं एखादं जुनं कुरण समजा. मालक म्हातारा झालाय, मुलं शहरात नोकरीला आहेत, बिल्डर दारात उभा आहे. शहराचे अधिकारीही दारात जातात. जमिनीचं त्रयस्थाकडून मूल्यांकन होतं. मालकाला एकरकमी पैसे नको असतील तर हप्त्यांनी देण्याची सोय आहे. हप्त्यांमुळे त्याचा प्राप्तिकर एकाच वर्षी अंगावर येत नाही, आणि शहरालाही सगळी रक्कम एकदम उभी करावी लागत नाही. मालकानं बाजारभावापेक्षा कमी दरानं जमीन दिली तर फरकाची रक्कम अमेरिकी करकायद्यात देणगी म्हणून धरली जाऊ शकते. बहुतेक व्यवहार असे राजीखुशीचे असतात.

सगळी जमीन विकत घ्यावीच लागते असंही नाही. शेतकऱ्याला शेती करायची असेल तर शहर त्याच्याकडून फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतं. जमीन त्याचीच राहते. तो ती कसतो, विकतो, वारसांना देतो. पण तिच्यावर वसाहत उभी करता येत नाही. हा करार जमिनीच्या दस्तात नोंदला जातो आणि पुढच्या प्रत्येक मालकावर कायम बंधनकारक राहतो. किंमत पूर्ण खरेदीपेक्षा कमी पडते, देखभाल मालकच करतो, आणि मधला माळ मोकळा राहतो. शहराच्या बरोबरीनं बोल्डर जिल्ह्यानंही १९९३ मध्ये असाच स्वतंत्र विक्रीकर आणला. जिल्ह्याची राखीव जमीन आता लाख एकरांच्या वर गेली आहे.

जमीन घेतली, म्हणून ती राहील याची खात्री काय? उद्या शाळेला जागा हवी, परवा जलकुंभाला, तेरवा दवाखान्याला. प्रत्येक मागणी रास्त असते आणि प्रत्येक वेळी रिकामी दिसणारी जमीनच स्वस्तात मिळणारी वाटते. मोकळ्या जमिनीचा खरा शत्रू बिल्डर कमी आणि हा ‘एवढंसं तर घेतोय’ म्हणणारा चांगला हेतू जास्त, असं माझं मत आहे. बोल्डरनं १९८६ मध्ये सनदेत दुरुस्ती करून याला कुलूप लावलं. ही जमीन कशासाठी वापरायची, याची यादीच सनदेत आहे: नैसर्गिक परिसर, पाण्याचे स्रोत, वनस्पती आणि प्राण्यांचे अधिवास यांचं रक्षण, शेती, शहराची पसरट वाढ रोखणं, पूरक्षेत्रात अतिक्रमण होऊ न देणं, आणि चालणं, छायाचित्रण, निसर्गनिरीक्षण यांसारखी शांत करमणूक. या यादीत क्रिकेटचं मैदान बसत नाही, वाहनतळाची इमारतही बसत नाही.

या जमिनीचा तुकडाही द्यायचा असेल तर आधी पाच सदस्यांच्या विश्वस्त मंडळात जाहीर सुनावणी होते. पाचपैकी किमान तिघांची संमती लागते. मग नगर परिषदेची मंजुरी. त्यानंतरही साठ दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पुरेशा मतदारांनी सह्या केल्या तर विषय थेट मतदानाला जातो. अलीकडेच साउथ बोल्डर क्रीकवरच्या पूरनियंत्रणाच्या बांधासाठी या खात्याची जेमतेम दोन-सव्वादोन एकर जमीन हवी होती. माणसांचे जीव वाचवणारं काम, मागणारं खातंही त्याच शहराचं. तरीही हीच सगळी प्रक्रिया पार पडली. वेळखाऊ आहे खरं. पण ४६ हजार एकरांपैकी दोन एकरांसाठीही जिथे एवढं करावं लागतं, तिथे शंभर एकर गुपचूप हलत नाहीत.

आता खर्चाकडे येऊ. खात्याचं वार्षिक अंदाजपत्रक तीन-चार कोटी डॉलरच्या आसपास असतं आणि त्यातला बहुतांश पैसा याच विक्रीकरातून येतो. पहिली काही दशकं खरेदीचा जोर होता. आता घेण्याजोगी जमीन थोडी उरली आहे आणि तिचे भाव आभाळाला टेकले आहेत. २०१९ मध्ये नगर परिषदेनं मंजूर केलेल्या बृहत् आराखड्यात खात्यानं ते सरळ मान्य केलं: यापुढे भर नव्या खरेदीपेक्षा आहे ते सांभाळण्यावर.

सांभाळण्याचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. शहराच्या दक्षिणेला साउथ बोल्डर क्रीकच्या काठी ओलसर कुरणं आहेत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्या गवतात नीट वाकून पाहिलं तर एक आमरी दिसते. वीत-दीड वीत उंचीचा एकच दांडा, आणि त्याभोवती गोल जिन्यासारखी वर चढत गेलेली छोटी पांढरी फुलं. ‘यूट लेडीज ट्रेसेस’ हे तिचं नाव. १९९२ मध्ये अमेरिकी सरकारनं तिला धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत घातलं. कुणालाही वाटेल, अशा दुर्मीळ फुलासाठी कुंपण घालून जमीन अस्पर्श ठेवायला हवी. प्रत्यक्षात ही आमरी इथे टिकली ती शेकडो गुरांच्या आणि शेतकऱ्यांच्या सोबतीनं. पाटाचं पाणी कुरणात सोडलं जातं म्हणून जमीन ओली राहते. गवत कापलं जातं, गुरं चरतात, म्हणून उंच गवताच्या सावलीत ती घुसमटत नाही. पाट बंद केला आणि गुरं हाकलली, तर फूलही जाईल.

म्हणून शहर जमिनीबरोबर पाण्याचे हक्कही विकत घेतं. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो, आणि ज्याचा हक्क जुना त्याची पाळी आधी. एकोणिसाव्या शतकात खणलेले पाट आजही पाट कंपन्या चालवतात. त्यांचे शेअर असतात, आणि मोठी शहरं ते शेअर घेऊन पाणी नळाला वळवतात. तसं झालं की शेत कोरडं पडतं आणि मागे फक्त तण उरतं. बोल्डर हे शेअर धरून ठेवतं, पाटांची डागडुजी करतं, आणि सुमारे १५ हजार एकर जमीन शेतकऱ्यांना व पशुपालकांना खंडानं देतं. लोकांच्या करातून घेतलेल्या जमिनीवर कुणीतरी गंजी रचतो आणि कुणाच्या तरी गाई चरतात, हे पाहून काही नागरिक चिडतात. पण त्या गाई आमरी राखतात, बाहेरून आलेलं उंच गवत चरून कमी करतात आणि वणव्याला मिळणारं सरपण घटवतात. हे काम पगारी माणसांकडून यंत्रानं करून घ्यायचं म्हटलं तर निधी तिथेच संपेल.

शेती आणि वन्यजीव यांचं नेहमी जमतंच असं नाही. प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला, बिळं करून वसाहतीनं राहणारा प्राणी. गवताळ माळाच्या साखळीत त्याला मोठं स्थान आहे. त्याच्यावर शिकारी पक्षी जगतात, त्याच्या बिळांत घुबडं राहतात. पण पाटाखालच्या शेतात तो शिरला की शेत चाळणीसारखं होतं, पाणी बिळांत मुरतं आणि माती उघडी पडून वाऱ्यानं उडते. कित्येक वर्षं त्यांना पकडून दुसरीकडे नेलं जात होतं. ते खर्चिक होतं आणि नवी जागाही मिळेना. शेवटी २०२० मध्ये, खूप वाद झाल्यावर, काही ठरावीक बागायती जमिनींवर त्यांना मारायला परवानगी दिली गेली. हा निर्णय कुणालाच आनंद देणारा नव्हता. पण मोकळी जमीन राखणं म्हणजे अशाच निर्णयांची जबाबदारी घेणं. कर भरून ती टळत नाही.

माणसांचा भार वेगळाच. या जमिनींवर सुमारे २५० किलोमीटरच्या पायवाटा आहेत आणि वर्षाला साठ लाखांच्या घरात भेटी होतात. पायवाट चिखलाची झाली की चालणारा बुटांना जपून कडेच्या गवतावरून जातो. त्याच्या मागचा आणखी कडेनं. दोन पावसाळी आठवड्यांत हातभर रुंदीची वाट चार हात होते, मधोमध ओघळ पडतो आणि माती वाहून जाते. मग कामगार दगड वाहून नेतात, आडवे बसवून पाणी बाजूला काढतात, जुन्या वाटेवर बी पेरतात. अशा ठिकाणी यंत्र नेता येत नाही, त्यामुळे मजुरीच फार लागते. दर वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ जुलै या काळात उभ्या कड्यांचे काही भाग बंद ठेवले जातात, कारण तिथे बहिरी ससाणे आणि सोनेरी गरुड घरटी करतात. स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन घरट्यांवर लक्ष ठेवतात. गिर्यारोहकांच्या या पंढरीत अर्धं वर्ष काही कडे बंद राहतात आणि लोक ते पाळतात.

मग येतात संकटं. सप्टेंबर २०१३ मध्ये बोल्डरमध्ये आठवडाभरात सतरा इंचांहून जास्त पाऊस झाला. एरवी तिथे वर्षभरात वीसेक इंच पडतो. ओढे पात्राबाहेर गेले, पायवाटा खचल्या, पूल वाहून गेले. जिथे ओढ्याकाठी कुरणं होती तिथे पाणी पसरायला जागा होती. जिथे घरं होती तिथे ते घरांत शिरलं. ओल्मस्टेड यांचा अहवाल तेव्हा शंभर वर्षांचा झाला होता.

३० डिसेंबर २०२१ ला उलट घडलं. मागचे काही महिने कोरडे गेले होते, ताशी शंभर मैलांपर्यंतचे झोत होते, आणि मार्शल भागात लागलेली आग वाळक्या गवतावरून काही तासांत शेजारच्या सुपीरियर आणि लुइसव्हिल या गावांवर चालून गेली. हजारांहून अधिक घरं जळाली. तेव्हा एक अवघड प्रश्न उभा राहिला: राखलेला माळच वस्तीपर्यंत आगीची वाट झाला का? हा प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देता येणार नाही. त्यानंतर वस्तीलगतच्या पट्ट्यात गवत कापणं, चराई वाढवणं, नियंत्रित जाळ लावणं यावरचा खर्च वाढला. याच भागातल्या मार्शल मेसा या पठाराखाली जुन्या कोळसा खाणी आहेत आणि त्यातला कोळसा कित्येक दशकं जमिनीखाली धुमसतोय. राज्याच्या खाण विभागानं अलीकडे तिथली जमीन उकरून धगधगता कोळसा बाहेर काढला. जमीन घेणारा तिच्या पोटातला इतिहासही घेतो.

आणि काही इतिहास कोळशाहून जड असतो. २०१८ मध्ये शहरानं शंभराहून जास्त एकरांची एक शेतजमीन घेतली. १८६४ मध्ये तिथे फोर्ट चेंबर्स नावाची मातीची गढी होती. बोल्डरच्या लोकांची एक लष्करी तुकडी त्या गढीत तयार झाली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये सँड क्रीकच्या हत्याकांडात सामील झाली. शांततेनं तळ ठोकून असलेल्या शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या लोकांची, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांची, तिथे कत्तल झाली. ज्या डोंगरांच्या रक्षणाचा बोल्डरला अभिमान आहे, ते डोंगर याच लोकांचे होते. शेतजमीन आणि ओढाकाठ राखण्याच्या निधीतून ही जागा आली, आणि आता तिचं काय करायचं ते अरापाहो व शायान प्रतिनिधींशी बोलून ठरवलं जात आहे. जमीन राखण्याच्या खर्चात हा संवादही धरावा लागतो. तो धरला गेला, याचं मला मोल वाटतं.

या यशाची किंमतही आहे. बाहेर पसरायला जागा नाही. १९७१ च्या सनद-दुरुस्तीनं इमारतींना ५५ फुटांची मर्यादा घातली, त्यामुळे वर चढायलाही नाही. नोकऱ्या वाढत गेल्या, घरं वाढली नाहीत. आज बोल्डरमधल्या स्वतंत्र घराची सर्वसाधारण किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे आहे. शिक्षक, परिचारिका, हॉटेलात राबणारे हजारो लोक रोज बाहेरच्या गावांतून येतात आणि डोंगर पाहत परत जातात. शिवाय विक्रीकर गरिबाला जास्त बोचतो, कारण त्याची सगळी कमाई खरेदीतच जाते. किराण्यावरच्या कराचा काही परतावा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शहर देतं, पण बाहेरगावाहून कामाला येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दुपारच्या डब्यासाठी तो जे विकत घेतो त्यावर तोही हा कर भरतो. माझ्या मते चूक मोकळी जमीन राखण्यात झाली नाही. राखलेल्या सीमेच्या आत दाटीनं आणि परवडेल असं बांधू द्यायला शहरानं फार उशीर केला, ही चूक.

सगळी गावं हा पैसा सारखाच खर्च करत नाहीत. न्यू जर्सीत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांच्या घरपट्टीच्या बिलात जिल्ह्याच्या आणि बऱ्याच ठिकाणी गावाच्याही मोकळ्या जमिनीच्या कराची वेगळी ओळ असते. तिथे हा कर घराच्या करपात्र किमतीवर, शंभर डॉलरमागे काही सेंट किंवा त्याहूनही कमी, असा बसतो आणि मतदारांच्या संमतीनंच लागू होतो. राज्यातल्या सर्व २१ जिल्ह्यांत तो आहे. पण तिथे वापराची यादी सैल आहे. जमीन आणि शेती राखणं, जुन्या वास्तू, मैदानांची उभारणी, देखभाल, जुन्या कर्जाची फेड, सगळं त्यात बसतं. त्यामुळे मोकळ्या जमिनीच्या नावानं गोळा झालेला पैसा कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर जातोय, अशी भांडणं गावसभांमधून होतात. कुलूप मात्र तिथेही पक्कं आहे. १९६१ पासूनच्या ‘ग्रीन एकर्स’ योजनेतून राज्याचा पैसा घेतला, की गावाला आपल्या सर्व मोकळ्या जमिनींची यादी द्यावी लागते. त्यातला तुकडा दुसऱ्या कामाला वळवायचा तर राज्याची परवानगी काढावी लागते आणि सहसा मोबदल्यात नवी जमीन द्यावी लागते.

महाराष्ट्रात आपण वेगळा रस्ता धरला. आपण आराखड्यावर हिरवा रंग भरतो. त्या जमिनीच्या मालकाला द्यायचा पैसा मात्र बहुतेक वेळा बाजूला काढलेला नसतो. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर साडेनऊशेहून जास्त हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. रोख मोबदला परवडत नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारनं तिथे आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. मालकांना तो तुटपुंजा वाटतो आणि टेकड्या अधांतरी राहतात. यात मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची जमीन समाजाला हवी आहे त्याला समाजानं दाम मोजला पाहिजे.

राखीव कराची कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. शहरी भागातल्या झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे, आणि त्याच्या आधारे महापालिका मालमत्ता करासोबत वृक्ष उपकर घेतात. तुमच्या घरपट्टीच्या बिलात ती ओळ शोधा. मग महापालिकेच्या अंदाजपत्रकात वृक्ष प्राधिकरणाचं पान काढा: या वर्षी किती जमा झाले, किती खर्च झाले, कुठल्या वॉर्डात, आणि किती पडून राहिले. आकडे सापडले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि उत्तर घेऊन नगरसेवकाला भेटा.